घेर किती, ते खुर्चीला विचार

पत्र :

ताई, मी एका ऑडिट फर्ममध्ये सहा वर्षं काम करते आहे. आता सीनियर झाले, हाताखाली तिघं आहेत. मला घेरदार स्कर्ट मनापासून आवडतात. कॉलेजात तेच घालायचे. नोकरी लागल्यावर ते एकेक करून कपाटाच्या वरच्या फळीवर गेले आणि खाली उरल्या तीन काळ्या पँट. गेल्या महिन्यात धीर करून एक गडद हिरवा स्कर्ट घालून गेले. दिवसभरात तो दोनदा खुर्चीच्या चाकात अडकला, संध्याकाळपर्यंत मागून पार चुरगळला, आणि मीटिंगच्या आधी एक वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘एवढा घेर? आज काही कार्यक्रम आहे का?’ मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी परत काळी पँट. वर्षअखेरीला आमचे दिवस बारा-बारा तासांचे असतात, सकाळी कपडे निवडायला पाच मिनिटंही नसतात. अशा कामात घेरदार स्कर्टची आवड धरून बसणं हा नुसता हट्ट आहे का? की ते जमवायची काही रीत आहे?
— एक वाचक

प्रिय मैत्रीण,

रीत आहे, आणि ती मोजपट्टीपासून सुरू होते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तीन दुखणी आहेत : चाक, चुरगळणं आणि त्या बाईंचं बोलणं. पहिल्या दोन दुखण्यांशी तुझ्या आवडीचा काहीही संबंध नाही. ती त्या एका स्कर्टची आहेत. तो उभं राहायला आणि चालायला शिवलेला होता आणि तू त्याला दहा तास खुर्चीत बसवलंस. तिसऱ्या दुखण्याकडे शेवटी येते, कारण दिवसभर स्कर्ट सावरून तू आधीच वैतागली होतीस, म्हणून ते बोलणं इतकं खोल गेलं, असं मला वाटतं.

मी अठरा वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काढली आणि शिवण त्याच्याही आधीपासून करते. तुझ्यासारखाच एक दिवस मला आजही लख्ख आठवतो. नोकरीचं तिसरं वर्ष, क्लोजिंगचा, म्हणजे हिशेब बंद करायचा, आठवडा. ट्रायल बॅलन्समधला, म्हणजे जमा-नावे जुळवायच्या तक्त्यातला, फरक सापडला म्हणून आनंदाने साहेबांच्या टेबलाकडे जायला उठले, आणि मागून चर्र असा आवाज आला. स्कर्टची कड खुर्चीच्या चाकात गुंडाळली गेली होती, मी उठले तशी खुर्ची मागे सरकली आणि तळहाताएवढी दुमड उसवून खाली लोंबायला लागली. हातात कागद, तोंडावर आलेलं उत्तर, आणि मी वाकून चाकातून कापड सोडवते आहे. त्या रात्री घरी जाऊन मी तो स्कर्ट पलंगावर पसरला आणि पहिल्यांदा त्याचा घेर मोजला. आपण त्या खोलीत एवढे आकडे बघतो आणि स्वतःच्या अंगावरच्या कापडाचा एकही आकडा आपल्याला माहीत नसतो, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

तेव्हा आधी आकडे. पहिलं माप कंबरेचं, आणि ते बसून घ्यायचं. शिंपी उभ्याने माप घेतो, दुकानातल्या आरशासमोरही आपण उभ्याच असतो. पण बसलं की पोट आणि कंबर पसरते. कुणाची अर्ध्या इंचाने, कुणाची दीड-दोन इंचांनी. दुपारी चारनंतर स्कर्ट टोचायला लागतो, शर्ट वर सरकतो, आपण पुन्हा पुन्हा कंबरपट्टी ओढतो, त्याचं मूळ हे आहे. खुर्चीत जशी बसतेस तशी बस, जरा पुढे कीबोर्डाकडे झुक, आणि टेप फिरव. तो आकडा शिंप्याला सांग. उभ्याने तेवढं सैल वाटलं तर मागच्या अर्ध्या कंबरपट्टीत इलॅस्टिक घालून घे. पुढून सपाट पट्टी, मागून इलॅस्टिक. वरून जॅकेट किंवा कार्डिगन आलं की ते दिसतही नाही.

आता घेर. घेरदार स्कर्ट म्हणजे मधोमध भोक असलेलं एक वर्तुळ, किंवा त्याचा एखादा हिस्सा. पूर्ण वर्तुळात कापला तर खालच्या कडेची लांबी येते कंबर अधिक ६.२८ गुणिले उंची. अर्ध्या वर्तुळात ६.२८ च्या जागी ३.१४, आणि पाव वर्तुळात १.५७. समजा बसून मोजलेली कंबर ३० इंच आणि स्कर्टची उंची २८ इंच. पूर्ण वर्तुळाची कड भरते जवळजवळ २०६ इंच, म्हणजे सव्वापाच मीटर. अर्ध्या वर्तुळाची ११८ इंच, म्हणजे तीन मीटर. पाव वर्तुळाची ७४ इंच, दोन मीटरच्याही आत. तू ज्या खुर्चीत बसतेस तिची बैठक असते अठरा-वीस इंच रुंद. तिच्यावर सव्वापाच मीटर कड सांभाळायची म्हटलं तर ती दोन्ही बाजूंनी खाली उतरणारच, आणि खाली चाकं आहेत.

टेबलाशी बसून करायच्या कामासाठी माझं मत अगदी पक्कं आहे : अर्धं वर्तुळ, त्याहून जास्त नाही. अर्ध्या वर्तुळाचा स्कर्ट चालताना छान हलतो, जिना चढताना पायाला आडवा येत नाही, आणि बसल्यावर दोन्ही बाजू मांडीवर ओढून घेता येतात. चुण्या घालून केलेला घेर मी ऑफिससाठी नकोच म्हणेन. चुण्या कंबरेपाशी जाड होतात, बसल्यावर पोटावर त्यांची गादी होते आणि वर शर्ट खोचायला जागा उरत नाही. वर्तुळातून किंवा कळ्यांतून आलेला घेर कंबरेला सपाट बसतो आणि खाली उलगडतो. सहा कळ्यांचा स्कर्ट तर फारच उपयोगी, कारण उद्या घेर जास्त वाटला तर प्रत्येक शिवण थोडी आत घेता येते. वर्तुळाच्या कापात ती सोय नाही.

वजनाचाही हिशेब बघ, तुला आवडेल. दर चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं कापड घेतलं तर वरच्या मापाचा पूर्ण वर्तुळाचा स्कर्ट सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास जातो आणि अर्ध्या वर्तुळाचा पावणेतीनशेच्या आत राहतो. अस्तर धरलेलं नाही. हे सगळं वजन एका कंबरपट्टीवर लोंबतं, दिवसभर. मग त्यात खिसा आणि खिशात मोबाइल.

खिशाचं सांगतेच, कारण खिसा नसलेला स्कर्ट मी नोकरीला घालूच देणार नाही. ओळखपत्र, पेन्सिल, पेन ड्राइव्ह, मोबाइल हे सगळं हातात धरून तू फाइल कशी उचलणार? पण नुसता बाजूच्या शिवणीत लावलेला खिसा घेरदार स्कर्टमध्ये फसतो. मोबाइल दोनशे ग्रॅमचा असतो, तो त्या एका जागी कापड खाली खेचतो, घेर तिरपा लोंबायला लागतो आणि चालताना मोबाइल गुडघ्यावर आपटतो. शिंप्याला सांगायचं की खिशाची पिशवी वर नेऊन कंबरपट्टीच्या शिवणीत पकडून घे. मग वजन कंबरपट्टी उचलते आणि घेर मोकळा राहतो. दहा मिनिटांचं काम आहे. तयार स्कर्टला पण करता येतं : आतून एक पट्टी खिशाच्या पिशवीपासून कंबरपट्टीपर्यंत टाचायची, झालं.

चुरगळण्याकडे येऊ. इस्त्री काय करते? ऊब, थोडी ओल आणि वजन देऊन कापडाला हव्या त्या आकारात बसवते. आपण कापडावर बसतो तेव्हा नेमकं हेच करत असतो. अंगाची ऊब, घाम आणि आपलं वजन. मांडीखाली घडी पडली असेल तर दोन तासांत आपण ती घडी इस्त्री करून पक्की केलेली असते. म्हणून बसण्याची पद्धत महत्त्वाची. बसताना दोन्ही हात पाठीमागून खाली नेत कापड सपाट करायचं, मग बसायचं, आणि लगेच दोन्ही बाजूंचा सैल घेर उचलून मांडीवर घ्यायचा. आठवडाभरात हात आपोआप जातात.

कापड निवडताना एक कोपरा मुठीत दहा सेकंद गच्च धर आणि सोड. सुरकुत्या आपोआप विरल्या तर घे, तशाच राहिल्या तर संध्याकाळी तुझी पाठमोरी बाजू तशीच दिसणार. लिनन या परीक्षेत नापास होतं, पातळ सुती कापडही. मला लिनन अतिशय आवडतं, पण ते सुट्टीच्या दिवसाचं कापड आहे. लोकरीचं बारीक विणीचं मिश्र कापड उत्तम, कारण लोकरीचा धागा स्वतःहून पूर्ववत होतो. रात्रभर टांगलं की सकाळी बऱ्याच घड्या गेलेल्या असतात. लोकर जड वाटत असेल तर क्रेप घे, किंवा ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांच्या, विणीचं व्हिस्कोस-पॉलिएस्टर मिश्रण. पाँते नावाचं जाड, दुहेरी विणीचं होजियरीचं कापड मिळतं. चुरगळायचं ते नावच घेत नाही, इस्त्री लागत नाही, आणि बारा तासांच्या दिवसाला त्याच्याइतकं दयाळू कापड मी पाहिलं नाही. फक्त त्याचा स्कर्ट हँगरला महिनोन्महिने टांगून ठेवायचा नाही, स्वतःच्या वजनाने तो लांबत जातो. घडी घालून ठेव.

एसीच्या कोरड्या हवेत स्थिर वीज साठते आणि पॉलिएस्टर पायांना चिकटतं, पायमोजे असतील तर आणखीच. अस्तर व्हिस्कोसचं किंवा क्युप्रोचं (कापसाच्या तंतूंपासून केलेलं रेशमासारखं कापड) लाव, हा त्रास बराच कमी होतो. तरी चिकटलंच तर अस्तराच्या आतल्या शिवणीला, कडेजवळ, एक छोटी सेफ्टी पिन टोचून ठेव.

लांबीचं सगळे आरशात बघतात. मी म्हणते, खुर्चीत बघ. घरातली नव्हे, ऑफिसात आहे तशी चाकांची खुर्ची. तिच्यात बसून एकदा पूर्ण मागे सरक, एकदा खाली पडलेलं पेन उचल. बसल्यावर कड जमिनीपासून वीतभर तरी वर राहिली पाहिजे. तेवढी राहिली की चाकाचा विषय संपला. उभ्याने बघशील तर ही लांबी साधारण गुडघ्याच्या खाली चार-सहा इंच येते. पोटरी जिथे सर्वांत भरीव असते नेमकी तिथे कड येऊ देऊ नकोस. जरा वर घे किंवा जरा खाली घे, पाय लगेच वेगळे दिसतात.

शिवून घेणार असशील तर एक गोष्ट शिंप्याकडून हट्टाने करून घे. वर्तुळात कापलेल्या स्कर्टमध्ये कापड काही ठिकाणी उभ्या धाग्यावर लोंबतं आणि काही ठिकाणी उरेब, म्हणजे तिरपं. उरेब भाग ताणला जातो. म्हणून कंबरपट्टी लावल्यावर कड दुमडायच्या आधी स्कर्ट निदान एक रात्र, जमलं तर पूर्ण दिवस, टांगून ठेवायचा. मी माझा करडा स्कर्ट असाच दाराला टांगला होता. सकाळी बघितलं तर दोन्ही कुशींच्या पुढे-मागे कड दीड इंच खाली उतरलेली, आणि मधे जिथल्या तिथे. पट्टी जमिनीवर उभी धरून, खडूने सगळीकडे एकाच उंचीवर खुणा केल्या, खुणेखालचं जास्तीचं कापड कापलं आणि मगच बारीक दुमड घातली. ही रात्र वाचवली की दुसऱ्या धुण्यानंतर स्कर्ट वाकडा होतो, आणि आपल्याला वाटतं आपण नीट उभ्या राहत नाही. इस्त्रीही धाग्याच्या दिशेने, कडेकडून कंबरेकडे. गोल गोल फिरवलीस तर उरेब भाग लाटेसारखा होतो आणि परत सरळ होत नाही.

वर काय घालायचं, याचं उत्तर मला १२ फेब्रुवारी १९४७ या तारखेत मिळतं. त्या दिवशी पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर या फ्रेंच फॅशन डिझायनरने आपला पहिला संग्रह मांडला. कार्मेल स्नो या अमेरिकी फॅशन मासिकाच्या संपादिकेने त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. त्यातला ‘बार’ सूट बघ : खाली भरघोस काळा स्कर्ट, वर कंबरेत घट्ट बसणारं फिकट जॅकेट. युद्धानंतर कापडाची टंचाई होती, ब्रिटनमध्ये तर १९४९ पर्यंत कपड्यांना रेशन होतं, त्यामुळे एका स्कर्टला इतकं कापड लागतं याचा लोकांना रागही आला. तो राग मला समजतो. पण प्रमाणाचा धडा त्या सूटमध्ये आहे तो आहेच : खाली जितका घेर, तितकं वर आटोपशीर, आणि कंबर दिसली पाहिजे.

तुझ्या कपाटात पँटवर घालायचे लांब ब्लेझर असतील. ते या स्कर्टवर घालू नकोस. घेर जिथे उलगडायला लागतो तिथेच ब्लेझरची कड येते, घेर दाबला जातो आणि मधे एक खोका तयार होतो. जॅकेट कंबरेच्या हाडाशी संपणारं हवं. असं एकच चांगलं जॅकेट, गडद निळं किंवा कोळशासारखं करडं, पुरे. आत शर्ट खोचलेला. दिवसभर हात वर करून फाइली काढतेस, शर्ट बाहेर येणारच. म्हणून शर्टाऐवजी बारीक विणीचा, अंगाबरोबर ताणणारा टॉप घाल, तो जागचा हलत नाही. थंडी वाजते म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलेलं कार्डिगनसुद्धा आखूडच असू दे.

बूट? तीन-चार सेंटीमीटर टाच, किंवा निमुळत्या टोकाचे सपाट. बास, यावर जास्त डोकं चालवू नकोस. रंगांतही तेच. गडद आणि किंचित पोत असलेलं कापड बसल्याच्या खुणा लपवतं. तुझा हिरवा चांगलाच आहे, मला तो न बघताच आवडला.

आणि जिथे हा स्कर्ट नकोच, ते स्पष्ट सांगते. साठा मोजायला गोदामात जायचं असेल, त्या दिवशी पँट आणि बंद बूट. शिडी, मागेपुढे जाणाऱ्या फोर्कलिफ्ट, पट्ट्यावरून सरकणारा माल, यांच्या जवळ सैल कापड घेऊन जायचं नाही. त्यात आवडीनिवडीचा प्रश्न येतच नाही. कारखान्याच्या आवारात जाणार असशील तरी तेच. दुचाकीवरून जात असशील तर घेर दोन्ही बाजूंनी मांडीखाली दाबून बस आणि चाकापासून दूर ठेव, नाहीतर सरळ पँट घालून जा आणि ऑफिसात बदल. म्हणजे तुझ्या काळ्या पँट फेकायच्या नाहीत. फक्त रोज त्याच घालायच्या नाहीत.

सकाळची पाच मिनिटं नसतात म्हणालीस. ती सकाळी मिळणारही नाहीत. महिनाअखेर कधी येणार हे तुझ्याइतकं नेमकं कुणाला माहीत असतं? त्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढ. चार हँगर घे, चिमट्यांचे. प्रत्येकावर एक स्कर्ट कंबरपट्टीला चिमटे लावून, वर त्याचा टॉप आणि त्याच हँगरला लागणारे पायमोजे. स्कर्ट दोन आणि टॉप चार असले तरी चालतं. एक स्कर्ट दोन दिवस, मधे एक दिवस त्याला मोकळं टांगून. क्लोजिंगच्या आठवड्यात हँगर उचलायचा, घालायचं, निघायचं. मी तर एका कागदावर तारखेपुढे हँगरचा क्रमांक लिहून कपाटाच्या दाराला चिकटवायचे, कारण रात्री अकराला घरी आल्यावर दुसऱ्या दिवशीचा विचार करण्याइतकंही डोकं चालत नसे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सुई, स्कर्टच्या रंगाचा दोरा आणि दोन सेफ्टी पिना ठेव. उसवलेली दुमड चार टाक्यांत उभी राहते.

आता त्या बाई. ‘एवढा घेर? आज काही कार्यक्रम आहे का?’ याला उत्तर द्यायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. मीटिंगच्या तोंडावर, चारचौघांत, अचानक असं कुणी बोललं की शब्द सुचत नाहीत. पण पुढच्या वेळी तयार असावं. आवाज न चढवता, डोळ्यांत बघून, ‘नाही, आज मीटिंग आहे. तुम्हाला तिसरं शेड्यूल आत्ता दाखवू का?’ एवढंच म्हणायचं आणि कागद पुढे करायचा. मोहात पडून स्कर्टचं समर्थन करत बसू नकोस. समर्थन सुरू केलंस की चर्चा स्कर्टवर जाते आणि तिथेच राहते.

ऑफिसचा लेखी नियम काय आहे, तो मात्र आजच काढून वाच. त्यात लांबीबद्दल किंवा क्लायंटकडे जाताना सूट घालण्याबद्दल काही असेल तर ते पाळायचं. नवीन क्लायंटकडे पहिल्या दिवशी मीही जॅकेट आणि सरळ पँटच सुचवेन, तिथली माणसं कशी वागतात-बोलतात ते बघून दुसऱ्या आठवड्यात स्कर्ट. पण लेखी काही नसेल, तर तो त्या बाईंचा आवडीचा प्रश्न आहे, आणि त्यांची आवड पाळणं तुझ्या कामात येत नाही. पुन्हा बोलल्या तर एकांतात, आदराने विचार : ‘माझ्या कपड्यांबद्दल काही नियम आहे का? असेल तर सांगा, मी पाळेन.’ बहुतेक वेळा यावर उत्तर येत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्या बाजूने म्हणेन. पूर्ण वर्तुळाचा हलका स्कर्ट चालताना फार हलतो, आणि माणसाची नजर हलणाऱ्या गोष्टीकडे जाते. तू जेव्हा क्लायंटला सांगणार असतेस की तुमच्या येणे रकमेतला एवढा भाग बुडीत धरावा लागेल, तेव्हा त्याची नजर तुझ्या कागदावर हवी. जड क्रेपचा अर्धा घेर इतका शांत असतो की खोलीत शिरल्यावर दोन मिनिटांत तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. तुझ्या मात्र राहतो. तेवढं मला पुरेसं वाटतं.

‘या क्षेत्रात असं चालत नाही’ हे वाक्य तुला आणखी ऐकावं लागेल, म्हणून एक नाव सांगून ठेवते. मेरी हॅरिस स्मिथ. लंडनमध्ये तिची स्वतःची हिशेबतपासणीची प्रॅक्टिस होती. १८९१ मध्ये तिने इंग्लंड-वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि बाई म्हणून तो नाकारला गेला. १९१९ मध्ये कायदा बदलला, १९२० मध्ये तिला सदस्यत्व मिळालं. तेव्हा ती ७५ वर्षांची होती. जगातली पहिली महिला चार्टर्ड अकाउंटंट म्हणून तिचं नाव घेतात. मधल्या एकोणतीस वर्षांत तिने हिशेब तपासणं थांबवलं नव्हतं. मला ती नेहमी आठवते, विशेषतः कुणी तरुण मुलीला काय शोभतं आणि काय नाही हे सांगायला लागलं की.

आणि अजून एक, जे तू विचारलं नाहीस. तुझ्या हाताखाली तिघं आहेत. त्यांत एखादी मुलगी असेल तर ती तुझ्याकडे बघते आहे. तू एक दिवस हिरवा स्कर्ट घातलास, तुला कुणी बोललं, दुसऱ्या दिवशी तू काळी पँट घालून आलीस, हे तिने टिपलेलं आहे.

बारा तासांच्या दिवसांबद्दल मी वेगळं लिहीन, कारण त्यावर कुठल्याच कपड्याचं औषध नाही. आत्ता इतकंच सांगते : वर्षअखेरीचे काही आठवडे असे जाणं आपल्या कामात येतं, पण ते वर्षभर तसेच जात असतील तर रोजचे तास लिहून ठेव. तीन महिन्यांची ती यादी घेऊन वरिष्ठांशी बोल. आपण ज्या लोकांबरोबर काम करतो त्यांना आकडा दाखवला की लवकर पटतं.

तोवर तो हिरवा स्कर्ट वरच्या फळीवरून खाली काढ. पलंगावर पसर आणि कडेवरून टेप फिरव. कड दीडशे इंचांच्या वर भरली तर तो सुट्टीच्या दिवसांसाठी ठेव आणि ऑफिससाठी त्याच रंगाचा नवा शिवून घे, अर्ध्या घेराचा. दीडशेच्या आत असेल तर तो वाचतो : खालून दोन इंच कमी कर, खिसा कंबरपट्टीला टाच, आणि खुर्चीत बसून बघ. बसून घेतलेलं कंबरेचं माप आणि हवी ती उंची मला कळव, वर्तुळाची त्रिज्या काढून पाठवते. शिंप्याला तेवढा कागद दाखवलास की पुरे.

तुझी,
ताई